डोळखांबचा चढ आणि पंधराशे लिटर पाणी

आसनगाव स्टेशनला उतरायचे, शहापूरला येऊन डोळखांबची एस.टी. पकडायची, हा आमच्या लहानपणी मे महिन्याचा ठरलेला कार्यक्रम होता. अम्मीचे माहेर तिकडचे. नानांचे किराणा-भुसाराचे लहानसे दुकान होते. समोर सह्याद्रीची भिंत दिसू लागली की अम्मी ओढणी सावरून बसायची, म्हणजे आम्ही समजायचो, गाव आले. त्या भिंतीतला सर्वांत दांडगा डोंगर आजोबा. उंची साडेचार हजार फूट, पायथ्याशी डेहणे गाव, वर रानात वाल्मिकींचा आश्रम. लव-कुश इथेच वाढले असे तिकडचे लोक मानतात. डेहणे, साकुर्लीकडची ठाकूर, महादेव कोळी मंडळी नानांकडे मीठ-मिरचीला यायची आणि आम्हा पोरांच्या हातावर करवंदे ठेवायची. अम्मीला त्यांची नावे शेवटपर्यंत पाठ होती.

या तालुक्याची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा 1892 पासून पाणी देते आहे. एकटी भातसा आज मुंबईची निम्म्याच्या आसपास तहान भागवते. डोळखांबच्या पुढे चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. तिथे रात्री स्वस्त वीज वापरून पाणी सुमारे 400 मीटर वर घाटमाथ्यावर चढवतात आणि दिवसा तेच खाली सोडून 250 मेगावॅट वीज करतात. पाणी असे रोज डोंगर चढते आणि उतरते. आणि त्याच डोंगराच्या सावलीतल्या पाड्यांवर मार्च उजाडला की बाया तीन-तीन हंडे डोक्यावर घेऊन वाट तुडवतात. पावसाळ्यात इथे धो धो कोसळते, पण काळा कातळ ते पाणी धरून ठेवत नाही. भावली धरणाचे पाणी उताराने खाली आणायच्या योजनेचे नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. तोवर टँकर.

अम्मी गेली त्या वर्षी आम्ही चार भावंडे एकत्र बसलो. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचे निधन झाले तेव्हा त्यांनी हुजूर (स.अ.) यांना विचारले होते की आईच्या नावे कोणता सदका उत्तम, आणि उत्तर मिळाले होते, पाणी. त्यांनी विहीर खोदली. आम्हीही आधी विहिरीचाच विचार केला. पण पाड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "हीर हाय की इथं. पानी नाय." मग ठरले की खालच्या बागायतदाराच्या बारमाही विहिरीचे पाणी वर पाड्यावर न्यायचे, मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत, दर वर्षी. त्यासाठी गाडी हवी. चौघांनी मिळून साडेचार लाख जमवले आणि इथून खरी भांडणे सुरू झाली.

भाईजानने उभी हयात भिवंडीत कापडाच्या गाड्या चालवल्या. त्याचे म्हणणे, पिकअप घ्यायची, मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडायचा, त्यावर दोन हजार लिटरची टाकी. ट्रेलर सोडला की गाडी इतर भाड्याला मोकळी. कोणते इंजिन, यावर मात्र घरात तीन पक्ष पडले. धाकट्याला सीएनजी हवे होते, कारण स्वस्त. बहिणीच्या यजमानांना टाटा योद्धा हवी होती, 2.2 लिटर, 100 हॉर्सपॉवर. भाईजानचा जीव जुन्या बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर डिझेलवर, जिची ताकद जेमतेम 75 हॉर्सपॉवर. धाकटा हसायचा, "भाईजान, पंच्याहत्तर घोडे आणि तेही म्हातारे?"

आमच्यातल्या शाळामास्तराला इथे बोलावेच लागले. घोड्यांची संख्या म्हणजे काम किती झपाट्याने होते त्याचे माप. उभ्या गाडीला चढावर जागचे हलवायला लागतो तो पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. पंक्चर काढताना चाकाचे नट सुटत नाहीत तेव्हा आपण पान्याला लोखंडी पाइप जोडतो. माणूस तोच, दम तोच, पण दांडा लांब झाला की नट फिरतो. ही पिळाची गंमत. बोलेरोचा पीळ 200 न्यूटन-मीटरच्या आसपास, योद्धाचा 250, सीएनजी पिकअपचा 178. शिवाय टर्बो लावलेले डिझेल इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांतच आपला सगळा पीळ देते. चढावर भरलेली गाडी रांगत असते तेव्हा उपयोगी पडते ते हेच. सीएनजी तिथेच बाद झाला. तशीही डोळखांबच्या आत गॅस भरायची सोय आमच्या नजरेत नव्हती.

याच सुमारास अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तिकडे लोक सुट्टीत पिकअपच्या मागे अख्खे घर जोडून निघतात, आत पलंग, चूल, न्हाणीघर. त्यालाही तसेच ओढघर घ्यायचे होते आणि तोही इंजिनातच अडकला होता. फोर्डच्या एकाच गाडीत दोन इंजिने, 3.5 लिटरचे टर्बोवाले आणि 5 लिटरचे आठ सिलिंडरचे. दोन्हींचे हॉर्सपॉवर 400. पण पहिल्याचा पीळ 678 न्यूटन-मीटर, दुसऱ्याचा 556. तो टर्बो घेणार होता. "मामू, पण इंजिन नंतर बघा," तो म्हणाला. "तिकडे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का?" इथे कंपनी प्रत्येक गाडीला किती वजन ओढता येईल ते लिहून देते, ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा लागतो, आणि जड ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या हाताशी असतात, हे त्याने सांगितले. आम्ही माहितीपत्रके काढून बसलो. आम्ही पाहिलेल्या गाड्यांच्या कागदांत पाठीवर किती वजन घ्यायचे तो आकडा होता, मागे किती ओढायचे तो नव्हता.

तरी भाईजानचे समाधान होईना. रमजानमधल्या एका रविवारी ओळखीच्या माणसाची 100 हॉर्सपॉवरची पिकअप आणि एका बांधकामवाल्याची ट्रेलरची टाकी मागून आणली आणि आम्ही डोळखांबला गेलो. हिशेब सोपा आहे, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, ट्रेलर आणि टाकीचे सातशे किलो धरा. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा मागचे ओझे टनभर जास्त. कागदावर हे वाचले होते, पण ते समजले पाड्याच्या रस्त्यावर.

चढताना गाडी चढली. पहिल्या गिअरमध्ये, क्लचचा जळका वास देत, पण चढली. भाईजानने विजयी मुद्रेने पाहिले. वर अर्धे पाणी बायांना वाटले. टाकी तशी सोडून येणे शक्य नव्हते, म्हणून उरलेले पाणी पुढच्या पाड्यावर द्यायला निघालो. मध्ये उतार. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते, हे तेव्हा कळले. आत पाणी हिंदकळायला जागा असते. ब्रेक दाबला की हजार किलो पाणी पुढच्या पत्र्यावर आदळायचे आणि ट्रेलर मागून ढकलायचा. एका वळणावर ट्रेलर तिरका झाला आणि गाडीचे शेपूट कड्याकडे वळले. आमच्या तोंडून कलमा निघाला. गाडी थांबली, चाक खड्ड्यात रुतले म्हणून थांबली. भाईजान बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला होता. रोजा होता, घशात थुंकीही नव्हती.

ट्रॅक्टर घेऊन सोडवायला आलेले काका साठीचे असतील. शांतपणे साखळी लावली, गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "गाडी वर जाईल हो सर. ती खाली कशी येती ते बगायचं आसतं." त्यांचा ट्रॅक्टर 42 हॉर्सपॉवरचा आणि मागे पाच हजार लिटरचा टँकर ओढतो. आमचा शंभरचा घोडा तिथे लाजला. खुबी गिअरमध्ये आणि मागच्या चाकांच्या वजनात आहे. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने जातो, म्हणून तेवढे ओढतो आणि तेवढे आवरतो. "ज्या गेरात चढवली त्याच गेरात उतरवायची," हे त्यांनी भाईजानला दोनदा सांगितले. तीस वर्षे स्टिअरिंगवर बसलेल्या भाईजानने ते मान खाली घालून ऐकले.

मग त्यांचाच टँकर का लावू नये? विचारले. त्यांची एप्रिल-मेची सगळी दिवसपाळी आधीच बांधलेली होती. आणि आमच्या पाड्याच्या शेवटच्या वळणावर टँकरची ट्रॉली फिरत नाही, म्हणूनच तो पाडा दर वर्षी मागे राहतो. म्हणजे तिथे आखूड गाडीच हवी, मागे काही न जोडलेली.

त्या संध्याकाळी नानांच्या जुन्या घरी इफ्तार करताना निर्णय झाला. ट्रेलर रद्द. वापरलेली बोलेरो पिकअप, पाठीवर 1700 किलो घेणारी, अडीच लिटर डिझेल. शंभर हॉर्सपॉवरची गाडी वाईट नव्हती. पण ओझे पाठीवर घ्यायचे म्हटल्यावर 200 न्यूटन-मीटर पुरतात, पैसे वाचतात आणि बिघडली तर जवळचा कोणताही मिस्त्री डोळे मिटून उघडतो. टाकी पंधराशे लिटरची, रुंद आणि बुटकी, आत तीन आडवे पत्रे, पाणी हिंदकळू नये म्हणून. पत्र्यांना खाली भोके ठेवली, नाहीतर पाणी एका कप्प्यात अडते. टाकी धरून वजन सोळाशे किलोच्या आसपास, म्हणजे थोडे राखून. आणि एका पाड्यावर सगळी टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा भाईजानचा स्वतःचा नियम.

ईदनंतरच्या आठवड्यात पहिली फेरी झाली. पंधराशे लिटर म्हणजे पंधरा लिटरचे शंभर हंडे. सकाळी सहाला गाडी वर पोचली तेव्हा रांग आधीच लागलेली. शेवटचे हंडे भरत आले तशी एक म्हातारी पुढे आली. टाकीवर काही लिहिलेले नव्हते, म्हणून तिने विचारले, "कुनाचं पानी हाय?" बहिणीने अम्मीचे नाव सांगितले, नानांच्या दुकानाचे सांगितले. म्हातारीने जरा वेळ बहिणीच्या तोंडाकडे निरखून पाहिले. मग हंडा चुंबळीवर ठेवत म्हणाली, "उद्या किती वाजता येशाल?"