शब्दांवांचून गाणें

कवितेस चाल लावावी कीं नाहीं, हा वाद आमच्या घरांत जुनाच आहे. परंतु कविता घ्यावी आणि तिचे शब्दच गाळून टाकावे, हा प्रकार पुतण्यानें ऐकविला तेव्हां प्रथमच कानीं आला. डेव्हिड ॲक्सेलरॉड या अमेरिकन संगीतकाराची १९६८ सालची ‘साँग ऑफ इनोसन्स’ ही ध्वनिमुद्रिका ती. इंग्रज कवि विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याच्या काव्यावरून ती रचिली आहे, आणि तींत गाणारा कोणी नाहीं! तंतुवाद्यांचा ताफा, ऑर्गन, विजेवरील गिटार, आणि त्या सर्वांखालीं ड्रमचा भारदस्त ठेका. ‘सायकेडेलिक’ म्हणून जें स्वप्नवत् संगीत तेव्हां तिकडील तरुणांत चाललें होतें, त्याच जातीचें हें. प्रथम तिला फारसें कोणी विचारलें नाहीं. पुढें रॅपवाल्यांनीं तिच्यांतील तुकडे उचलले, तेव्हां तिची शोधाशोध झाली.

वास्तविक ब्लेक हा गाणारा कवि. स्वतःच्या गीतांस तो स्वतःच चाली लावी. पण स्वरलेखन त्यास येत नसल्यामुळें त्या चाली त्याच्याबरोबरच गेल्या. तेव्हां नव्या चालीस माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती निराळीच.

या मुद्रिकेंतील सात रचनांपैकीं ब्लेकच्या १७८९ च्या मूळ पुस्तकांतील कवितांचीं नांवें दोनच: ‘ए ड्रीम’ आणि ‘होली थर्सडे’. (मास्तरकी सुटली तरी ताळा पाहण्याची खोड सुटत नाहीं.) ‘होली थर्सडे’ मध्यें लंडनच्या धर्मादाय शाळांतील मुलें रंगीत कपडे घालून, दोन-दोनांच्या रांगेनें सेंट पॉलच्या मंदिरांत जातात आणि गातात. दृश्य रम्य आहे. परंतु १७९४ मध्यें ब्लेकनें याच नांवाची दुसरी कविता प्रसिद्ध केली, आणि एवढ्या संपन्न देशांत मुलें कंगाल राहतात, त्यांत पवित्र तें काय, असा सरळ सवाल केला.

माझे तीर्थरूप पुण्यास वार लावून शिकले. अन्न चांगलें मिळे, वाढणारे हातही मायेचे होते. तरी पाहुण्यांपुढें ‘हा आमचा सोमवारचा मुलगा’ अशी ओळख करून दिलेली त्यांना जन्मभर सलली. एकाच पानावर कृतज्ञता आणि सल! ब्लेकला त्यासाठीं दोन कविता लागल्या. ॲक्सेलरॉडची रचना गंभीर आहे, सुंदरही आहे. पण ती यांपैकीं कोणत्या गुरुवारची, हें शंभर व्हायोलिनें मिळूनही सांगूं शकणार नाहींत. तें सांगणें शब्दाचेंच काम.

त्याच सुमारास ॲलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीनेंही ब्लेकचीं गीतें ध्वनिमुद्रित केलीं. ती मुद्रिका १९७० मध्यें निघाली. हा गृहस्थ १९६२–६३ मध्यें हिंदुस्थानांत हिंडला, काशीस राहिला, आणि पुढें आपली पेटी घेऊन गाऊं लागला. गळा गवयाचा नव्हे, सूरही मधून मधून ढळतो. अक्षर मात्र स्पष्ट कानीं पडतें.