ओलाव्याचा हिशेब

कृषी धोरणाचं अर्थशास्त्र शिकवताना मी मागणी-पुरवठ्याच्या आलेखापासून सुरुवात करत नाही. आधी फळ्यावर एक क्विंटल सोयाबीन मांडतो. ते प्लांटला गेलं की ढोबळमानाने 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड. एवढं डोक्यात बसलं की 2024 चा हंगाम उलगडतो. सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं, तरी ऑक्टोबरात बाजारभाव 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. तेल वधारलं, पण पेंड पडलेली होती. इथेनॉल कारखान्यांत धान्याचा उरलेला स्वस्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात तिची जागा घेत होता. ‘शुल्क वाढलं की भाव वाढतो’ एवढ्या उत्तराला मी गुण देत नाही.

भावाचं पुढचं गणित मात्र वारंगा फाट्यावरच कळतं. नांदेड-हिंगोली रस्ता इथे नागपूरच्या महामार्गाला भेटतो. माल घेऊन आलेल्या माणसाला ठरवायचं असतं, मोंढ्यापर्यंतचं भाडं भरायचं की इथेच काटा करायचा. मी पोरांना खरेदीच्या दुकानात उभं करतो. मूठभर दाणे मशीनमध्ये जातात, आकडा येतो 18. हमीभाव 12 टक्के ओलाव्याला. मग कट्ट्यावर वही ठेवून हिशेब: 18 टक्क्यांच्या क्विंटलात कोरडा माल 82 किलो, 12 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं 93 किलो. म्हणजे पाण्यापोटी रास्त कपात सात किलोची. वाळवणीचा खर्च धरूनही त्याहून जास्त कापलं गेलं, तर ते शेतकऱ्याच्या नडीपोटी: रब्बीचं बियाणं, दारात आलेली दिवाळी, त्याच दुकानातली जुनी उचल.

‘सर, पेपरातला भाव भेटतो कुठं?’ एका शेतकऱ्याने पोरांसमोरच विचारलं. त्याला उत्तर पोरांनीच द्यावं असं मला वाटतं, आणि सरकारी खरेदीची नोंदणी, केंद्र, बारदाना, ओलावा असं एकेक सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. 2024 मध्ये या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 15 टक्के झाली ती नोव्हेंबरच्या मध्यात. दिवाळीआधी विकलेल्या मालाला तिचा काय उपयोग?

म्हणून परीक्षेत मी हा प्रश्न हमखास घालतो: फाट्यावर वाळवणीचा ओटा आहे आणि पणन मंडळाच्या तारण योजनेतून मालाच्या किमतीच्या 75 टक्के कर्ज 6 टक्के व्याजाने मिळतंय. तर त्या क्विंटलामागे शेतकऱ्याच्या हाती किती रुपये जास्त पडतील? गोदामापर्यंतचं भाडं धरून मांडा.