जुनी चाल, आजची गोष्ट

एखादी गोष्ट तिच्या मूळ गावात मागे पडते आणि परमुलखात जपलेली सापडते. स्ट्रे कॅट्स या अमेरिकन बँडच्या बाबतीत असंच झालं. बडोद्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ही कहाणी म्हणूनच जवळची वाटते.

हा बँड रॉकबिलीवाला. रॉकबिली म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज यांचं मिश्रण. १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये एल्व्हिस प्रेस्ली गायला आणि या संगीताला पाय फुटले. पाच-सहा वर्षांत अमेरिकेत ते मागेही पडलं. ब्रायन सेट्झर, ली रॉकर आणि स्लिम जिम फँटम ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची तीन पोरं. १९५४ मध्ये यातलं कुणी जन्मलंही नव्हतं. ली रॉकरचे वडील स्टॅनली ड्रकर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवत. मुलगा मात्र उभ्या डबल बासच्या तारा ओढून चटाचट वाजवू लागला!

१९८० च्या उन्हाळ्यात तिघांनी लंडन गाठलं. तिथल्या 'टेडी बॉय' मंडळींनी तो जुना ठेका, ते लांब कोट, ती केसांची झुलपं सोडलीच नव्हती. घरी जुनाट ठरलेल्या या संगीताला तिथे गर्दी झाली. अरिस्टा या बड्या कंपनीनं करार केला आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये 'स्ट्रे कॅट्स' नावाचाच पहिला अल्बम ब्रिटनमध्ये आला. वेल्श गिटारवादक डेव्ह एडमंड्सनं निर्मितीत हात दिला. अमेरिकेला ही गाणी १९८२ मध्ये 'बिल्ट फॉर स्पीड' या संग्रहातून मिळाली आणि तो थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला.

मला त्या पहिल्या अल्बममधलं एक फार आवडतं. त्यात काही जुनी गाणी आहेत, पण बरीचशी त्यांची स्वतःची. एक घर सोडून पळालेल्या पोरांचं, एक ब्रायटनमधल्या टोळ्यांच्या मारामारीचं, आणि एक चक्क तेव्हा ताज्या असलेल्या इराणमधल्या अमेरिकन ओलिसांच्या प्रकरणावर. चाल १९५० च्या दशकातली, बातमी आजची. नुसती नक्कल केली असती तर कपडेपट ठरला असता. त्यांनी त्या चालीत आपल्या दिवसांबद्दल बोलायला सुरुवात केली.

आता घरचं सांगते. पुण्याची आत्या येते तेव्हा हसून म्हणते, "तुमचं मराठी म्हणजे आजीच्या ट्रंकेतलं गं." खरंच आहे. तिकडे गेलेले काही शब्द आमच्याकडे अजून नांदतात. आम्हीही एका परीनं टेडी बॉयच! पण माझी चार वर्षांची लेक आरती मराठीत म्हणते, श्लोक मराठीत म्हणते, आणि बालवाडीत कुणी कुणाला ढकललं ते गुजरातीत सांगते. हे पाहिलं की पोटात तुटतं. भाषा सणाच्या पैठणीसारखी झाली आहे. नेसायची, मिरवायची, घडी करून ठेवायची.

मंडळाच्या कार्यक्रमातही आपण हेच करतो का? नाट्यगीतं हवीतच, मीही हौसेनं गाते. पण ट्यूशनचा कंटाळा, पहिली नोकरी, कॅनडाला निघालेला भाऊ, यांवरचं आपल्या मुलांनी रचलेलं गाणं त्या मंचावर कधी येणार? ते कच्चं असेल, त्यात गुजराती डोकावेल. डोकावू दे.

सध्या मी रोज संध्याकाळी लेकीला मराठीत एकच विचारते, "आज व्हॅनमध्ये कोण कोण भांडलं?" ती सांगते. अर्धे शब्द इकडचे, अर्धे तिकडचे. मी मध्ये टोकत नाही. काल "ढकललं" हा शब्द तिनं स्वतःहून वापरला.