मधली सही

अभियांत्रिकी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात तीन सह्या लागतात: काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. पहिली सही कालच रुजू झालेल्या मुलीचीही असू शकते. तिसरी साहेबांची. कंपनीत माणसं वाढतात की नुसती जुनी होतात, हे बऱ्याचदा मधल्या सहीवर ठरतं.

मारतहळ्ळीच्या पुलाजवळच्या एका छोट्या डिझाइन कंपनीत मी एक गट सांभाळते. गावाचं नाव ऐकलं की महाराष्ट्रातले पाहुणे हमखास विचारतात, मराठ्यांची वस्ती होती का? इथले काहीजण ते नाव ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडतात. व्युत्पत्ती काहीही असो, विमानांचा शेजार खरा आहे. जुना विमानतळ आणि एचएएलचा कारखाना इथून जवळच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन तो १९४० च्या डिसेंबरात काढला.

त्या कारखान्याची सुरुवात परक्या विमानांच्या जुळवणीने आणि युद्धकाळातल्या दुरुस्तीने झाली. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र उघडून पुन्हा बसवणं, ही मोठी शाळा. कोल्हापूरकडच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे तिथे होते. त्यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं. मग कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याबरोबर काम करून इथल्या मंडळींनी ‘मारुत’ घडवलं. ते उडालं १९६१ साली. १९६४ साली घाटग्यांचं ‘किरण’ हे शिकाऊ जेट आलं. आधी दुरुस्ती, मग साधं पंख्याचं विमान, मग जेट. प्रत्येक टप्प्यावर माणसांच्या हाती आधीपेक्षा अवघड काम आलं आणि विचारायला जाणतं माणूस जवळ होतं. माझ्या मते वाढ म्हणतात ती हीच.

आमच्याकडे मधली सही करणारे सर विमानांच्या कामातच उमेदवारी करून वर आलेले आहेत. निवृत्तीनंतर आमच्याकडे येतात. दोन वर्षांपूर्वी सांगोल्याची एक मुलगी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन रुजू झाली. तिने पत्र्याच्या एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढलं. मापं बरोबर होती, फक्त एक भोक वाकवण्याच्या रेषेच्या फार जवळ आलं होतं. दुसरा कोणी ते लाल पेन्सिलीने सरकवून मोकळा झाला असता. दोन मिनिटांचं काम. सरांनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि कानडी वळणाच्या हिंदीत विचारलं, “नोडम्मा, हे भोक पत्रा वाकवण्याआधी पाडणार की नंतर?”

ती गप्प राहिली. सरही गप्प राहिले. मग तिने स्वतःच मांडलं: आधी पाडलं, तर वाकवताना पत्रा ताणून भोक लंबगोल होईल, नंतर पाडायचं, तर वाकडा तुकडा पुन्हा पकडीत धरावा लागेल, खर्च वाढेल. म्हणजे भोकच हलवायला हवं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला दिवसभर पीण्यातल्या एका वर्कशॉपात पाठवलं. पत्रा वाकताना बघून आलेली मुलगी वेगळं ड्रॉइंग काढते.

त्या प्रश्नोत्तराला पाऊण तास लागला. अडचण इथेच आहे. आमच्या धंद्यात ग्राहक तासांवर पैसे देतो. काढण्याचे तास बिलात जातात, दुरुस्तीचेही काही जातात. शिकवण्याच्या पाऊण तासाला बिलात जागाच नाही. त्यामुळे पैशाची ओढ लागली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. गेल्या वर्षी आमच्याकडेही प्रस्ताव आला: राहिलेली मापं सॉफ्टवेअर शोधतंच, तर तपासणाऱ्याचे दिवस निम्मे करू. सॉफ्टवेअर चूक दाखवतं, हे खरं. पण समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते गप्प बसत नाही. बरीच वादावादी होऊन प्रत्येक नव्या माणसामागे आठवड्याला दोन तास कंपनीने स्वतःच्या खात्यात घेतले, तेही एका वर्षापुरते.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले, कारकुनी करणारे मंगेशराव रेगे कारभार पाहू लागले, दरोड्यासाठी शिक्षा झालेली माणसं वाडीची राखण करू लागली. डावललं जाणं म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाने इतरांना मोजताना कागदावरचा शेरा शेवटचा मानला नाही. आमच्या वार्षिक गुणांकनात मात्र गटातल्या कोणाला तरी तळाचा आकडा द्यावाच लागतो, सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी.

एप्रिलमध्ये ते दोन तास मला पुन्हा मागायचे आहेत. त्यांतून फायदा काय झाला ते आकड्यात मांडा, असा निरोप आला आहे. आकडा काढणं कठीण आहे. तासाचा खर्च एका ओळीत दिसतो. तास न दिल्याचा खर्च कधी वर्कशॉपात वाया गेलेल्या पत्र्यात असतो, कधी ग्राहकाच्या रागावलेल्या फोनमध्ये, कधी दीड वर्षात आलेल्या राजीनाम्यात. आणि या तिन्ही गोष्टी आमच्याकडे तीन वेगळ्या खात्यांत लिहिल्या जातात.