इतर अधिकार

आमच्या काकूचे माहेर गिरगावातले. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज तिला पाहणाऱ्या कोणालाही ते खरे वाटत नाही. वर खोचलेले पातळ, हातात कोयती, पावलांना चिकटलेली ओली वाळू, अशी ती आगरातून घराकडे येताना दिसली की वाटते, ही बाई इथल्याच एखाद्या माडाच्या बुंध्याशी उगवली असावी. पण वयाच्या १७व्या वर्षापर्यंत तिने नारळ पाहिला होता तो वाण्याच्या दुकानातला, सोललेला.

१९५३ साली ती लग्न होऊन दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी आली. तेव्हा मुंबईची माणसे बोटीने हर्णैला उतरत. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात घालून किनाऱ्याला आणीत. "पडावात पाय टाकला तेव्हा डोळे मिटले, ते वाळू लागल्यावर उघडले. बघते तर समोर सासर!" असे काकू सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी रडते आहे असे वाटून ती घाबरून उठली. रडत होता तो रहाट. पुढे त्या रडण्याची तिला इतकी सवय झाली की विजेचा पंप आला तेव्हा तिला आठवडाभर पहाटे जागच येईना.

आमचे आगर १४ गुंठ्यांचे, पणजोबांनी लावलेले. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेले मिरवेल, खाली केळी आणि अळू. ज्याने त्याने दुसऱ्याच्या सावलीत राहायचे, अशी ती वसाहत. विहिरीतून रहाटाने पाणी काढायचे, ते पन्हळीतून पाटात, पाटातून आळ्यात. पावसाळा सोडला तर शिंपण्याला सुट्टी नाही.

आजोबांना तीन मुलगे. धाकटे दोघे, त्यांतले एक माझे वडील, नोकरीसाठी मुंबईला गेले. आजोबांना दमा होता. कोणीतरी घरी राहायला हवे म्हणून थोरले काका राहिले. म्हणजे पाहा, गावात जन्मलेले मुंबईला गेले आणि मुंबईत जन्मलेली गावात अडकली! काका जन्मभर "मी राहिलो" असे थोड्या अभिमानाने म्हणत. काकू तसे कधी म्हणाली नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते.

१९५७ सालच्या १ एप्रिलला कुळकायद्याचा कृषक दिन आला आणि खालची भातखाचरे कुळाच्या नावावर झाली. आजोबा पुढचे सहा महिने ओटीवर बसून भिंतीशी बोलत. त्या घराशी संबंध नाही, असा त्यांनी हुकूम काढला. त्या वर्षीच्या गणपतीला काकूने नैवेद्याचे मोदक डब्यात भरले आणि भर दुपारी आजोबांच्या डोळ्यांदेखत ती त्याच घरी देऊन आली. एकवीस वर्षांची सून! आजोबांनी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. "चिखलात तेच उभे राहायचे. त्यांचं त्यांना मिळालं, त्यात आपण रुसायचं काय?" एवढेच ती सासूजवळ म्हणाली.

१९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या माजघराच्या भिंतीला तेव्हा एक तडा गेला. मुंबईहून वडिलांचे पत्र आले : सगळी इकडे निघून या. काकूने तडा मातीने बुजवला. तो पुन्हा उघडला. तिने पुन्हा बुजवला. शेवटी तिने त्यावर कॅलेंडर टांगले. दर वर्षी कॅलेंडर बदलते. तडा तोच आहे.

काकूला मूल झाले नाही. पण दर मे महिन्यात आम्ही भावंडे तिच्या अंगावर येऊन पडत असू. आंब्याच्या साठांवरून भांडायचो, विहिरीत पोहायला शिकायचो, आणि जूनमध्ये तिने बांधून दिलेली आमसुले घेऊन परत निघायचो. एस. टी. वळणाआड जाईपर्यंत ती गडग्याशी उभी असे. आपण गेल्यावर ही काय करत असेल, हा प्रश्न मला वयाच्या पन्नाशीपर्यंत पडला नाही.

मग २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आले. श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढले आणि त्याचा तडाखा आमच्या बाजूलाही बसला. टाळेबंदी, फोन बंद, वीज बंद. नवव्या दिवशी फोनवर निरोप आला, "काकू बऱ्या आहेत. आगर गेलं." निरोप देणारा होता त्या कुळाचा नातू. वादळ थांबल्यावर आडव्या झाडांतून कोयतीने वाट काढत आमच्या दारात पहिला पोचला तो तोच.

सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. आमच्या १४ गुंठ्यांचा हिशेब सुमारे सात हजार झाला. ते मिळवायचे तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती हवी होती. मी उतारा काढला. वर अकरा नावे : आम्ही सगळी भावंडे. त्यांतल्या चौघांनी वीस वर्षांत गाव पाहिले नव्हते. काकूचे नाव त्यांत नव्हतेच. ते बाजूच्या रकान्यात होते, 'इतर अधिकार' या सदराखाली, विहिरीच्या पाण्याच्या नोंदीखाली.

सह्यांसाठी फोनाफोनी सुरू झाली आणि संमतीपत्राबरोबर दुसरा एक विचार निघाला. आगर राहिले नाही, काकू चौऱ्यांशी वर्षांची. तिला ठाण्याला आणावे आणि जागा विकून टाकावी. समुद्राजवळच्या जागेला गिऱ्हाईक होतेच. खोटे कशाला बोलू, मलाही ते पटले होते. त्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन्ही कागद होते.

आगरात पाऊल टाकले आणि मी थबकलो. जन्मात प्रथमच तिथे ऊन पडलेले पाहिले. तीस माडांपैकी नऊ उभे होते. पोफळी मोजण्यासारख्या उरल्या होत्या आणि त्यांच्या खोडांना काकूने झावळ्या नि विऱ्या गुंडाळून सुंभाने बांधले होते, आजारी पोराला पांघरुणात गुंडाळावे तसे.

"हे कशाला, काकू?"

"अरे, पोफळीला उन्हाची सवय नाही. शेजारच्या पडल्या, आता हिच्या अंगावर थेट ऊन येतं. खोड भाजतं. वाऱ्यात वाचलेली उन्हात जायची."

तिने पडवीमागे वाफा केला होता. त्यात बियाणाच्या सुपाऱ्या पुरल्या होत्या. रोप लावणीला यायला वर्ष-दीड वर्ष, पुढे सुपारी धरायला सहा-सात वर्षे. मी मनात बेरीज केली आणि गप्प बसलो. तिने ती आधीच केलेली असावी, कारण ती म्हणाली, "पहिल्यांदा केळी लावायच्या. रोपांना सावली हवी."

रात्री जेवणे झाल्यावर तीच म्हणाली, "पिशवीतला कागद काढ. सकाळपासून बघत्ये, पिशवी खाली ठेवत नाहीस."

मी दोन्ही कागद पुढे ठेवले. तिने चष्मा लावून शांतपणे वाचले. मग म्हणाली, "सही कुठे करू सांग. पण माझ्या सहीचं तुम्हाला काय काम? माझं नाव विहिरीखाली आहे ना?"

तिला ते माहीत होते. काका गेले तेव्हा वारसनोंदीत तसे लिहिले गेले, आणि तेव्हापासून तिला माहीत होते. १९५६ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्शाचा वारसा आहे, हे आम्हा शिकलेल्या अकरांपैकी एकाच्याही तोंडून निघाले नाही. तीही बोलली नाही. आळी भरीत राहिली.

विक्रीचा कागद मी परत पिशवीत घातला. त्यानंतर मी माझा हिस्सा तिच्या नावे केला, असे लिहायला मला आवडले असते. तसे मी केलेले नाही. एवढेच केले की मदतीचे पैसे तिला देण्यावर अकरा सह्या गोळा केल्या, आणि नोंद दुरुस्त करून घेतली. दीड वर्ष खेपा घातल्या. दोन भावांनी अजून माझ्याशी बोलणे टाकले आहे. यात औदार्य काही नाही. तिचेच तिला दिले, तेही फार उशिरा.

नवा उतारा घेऊन गेलो तेव्हा काकूने स्वतःचे नाव बोट ठेवून वाचले. "बरं झालं," म्हणाली, "म्हणजे मी गेल्ये की तुम्हाला परत तलाठ्याकडे खेपा." आणि हसली.

तो उतारा तिने कॅलेंडरमागे, भिंतीच्या त्या तड्यात खोचून ठेवला आहे. विक्रीचा कागद मात्र माझ्या कपाटात आहे. तो फाडण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही, आणि बाहेर काढण्याचेही.

काकू आता नव्वदीला टेकली आहे. केळींच्या सावलीत पोफळीची रोपे तिच्या डोक्याच्या वर गेली आहेत. सुपारी अजून धरलेली नाही. परवा दिवाळीला येतो म्हणून फोन केला, तर म्हणाली, "ये. येताना सुंभ आण, चांगला जाड. आणि मुलांना घेऊन ये. पाट बुजलाय, उपसायला माणसं हवीत."