पेटीतली हवा

खडकवासल्याच्या तीन वर्षांत पुष्कळ काही शिकवलं, पण लाकडी पेटी कशी भरायची हे नाही शिकवलं. ते या बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये शिकतोय.

डोझरचे जड भाग इथून दूर जातात. आधी त्यांची वर्गवारी. देशातल्या देशात आपला पार्ट नंबर पुरतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर माल निघाला की कस्टमचा कोड लागतो. एकाच डोझरच्या ट्रॅकची कडी ८४३१ मध्ये, गिअरबॉक्स ८४८३ मध्ये, हायड्रॉलिक पंप ८४१३ मध्ये आणि साधं रबरी सील थेट ४०१६ मध्ये! आमचा क्लार्क वैतागतो. त्याला सांगितलं, ज्याला स्वतःचं घर आहे तो तिथेच राहणार, डोझरच्या घरात नाही. पेटीचं लाकूडही गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. नाहीतर लाकडातली कीड परदेशी जाते.

हे सगळं कागदाचं झालं. खरा शत्रू पाणी.

लडाखला असताना एका पुरवठादाराची पेटी उघडली. बाहेरून नवी कोरी, आत प्लॅस्टिकला थेंब लगडलेले आणि गिअरच्या दातांवर तांबूस गंज. पाणी कुठून शिरलं नव्हतं, ते पॅकिंगच्या वेळच्या दमट हवेतच होतं. थंडीत त्याचे थेंब झाले. सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पण पिशवी नीट सीलच केलेली नव्हती. पुड्या बिचाऱ्या किती ओलावा पिणार? जोझिला बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. डोझर उभा राहिला, रस्ता साफ होईना, आणि वरच्या चौकीचं रेशन आणि केरोसीन पोरांनी पाठीवर वाहिलं. त्या उंचीवर वीस किलोचं ओझं म्हणजे काय, हे माजी सैनिक वाचकांना सांगायला नको.

म्हणून इथे मी पेटीजवळ उभा राहतो. धातूला गंजरोधक कागद, वर सील केलेली पिशवी, आत ओलावा दाखवणारं कार्ड: निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं तर पुन्हा उघडा. भाग तळाच्या फळीला बोल्टने आवळलेला, बाहेर गुरुत्वमध्याची खूण, म्हणजे क्रेनवाला अंदाजाने उचलणार नाही.

परवा पिशवी सील करायची वेळ आली आणि पाऊस सुरू झाला. आमचे सुभेदार साहेब कोल्हापूरकडचे. म्हणाले, "सर, आज नको. आज बांधली तर बेंगळुरूचा पाऊसच लेहला पाठवू."

"बरं साहेब," म्हटलं, आणि ट्रक दुसऱ्या दिवसावर ढकलला.