मालदीव: बेट निवडताना

स्कूबा डायव्हिंगसाठी मालदीवचे दूरचे बेट निवडताना नुसते निळे पाणी पाहू नये. समुद्री विमाने दिवसाच उडतात. सायंकाळी पोहोचणाऱ्याला मालेजवळ एका रात्रीचे भाडे भरावे लागते. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहे निघाली. ती रिसॉर्टपेक्षा स्वस्त पडतात.

खोलीची कायदेशीर मर्यादा ३० मीटर आहे. घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतते. अशा रुग्णाला ठेवण्याची दाबाची बंद खोली बेटापासून किती दूर आहे, हे आधी विचारावे. शेवटच्या बुडीनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा.

बाराव्या शतकापर्यंत हा देश बौद्ध होता. काशिधू बेटावर उत्खननात बौद्ध अवशेष सापडले आहेत. आज मात्र तेथे पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे. म्हणून बुद्धमूर्ती घरीच ठेवून निघावे.